पंडिताबाईंना ऐकू कमी यायचं

रविवारी देवळात माझ्या शेजारी बसणारी बाई 'उपासना संगीत'च्या पानावर ओळीखाली बोट धरते आणि मी त्या बोटाच्या मागोमाग गाते. तिचं बोट थांबलं की मी थांबते. तिला शिंक आली, की माझं गाणं भलतीकडेच! (आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं चर्चला सर्रास देऊळ म्हणतो, तेव्हा गोंधळून जाऊ नका.)

दोन्ही कानांनी मला कमी ऐकू येतं. एकदम नाही झालं हे. चाळिशी ओलांडली आणि वर्गात मागच्या बाकावरची मुलं काय बोलतात ते कळेनासं झालं. शिक्षिकेला हे परवडत नाही. सुरुवातीला मी हसून वेळ मारून न्यायची. कुणी काही विचारलं की 'हो ना!' म्हणायचं. एकदा एका पालकबाईंनी सासूबाई वारल्याचं सांगितलं आणि मी म्हटलं, 'अरे वा, छान!' त्या दिवशी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. मग तपासणी झाली, मशीन आलं, आणि काही वर्षांनी नोकरी सोडली. मैत्रिणींनो, एक सांगते. चष्मा लागला तर आपण चारचौघींत सांगतो, पण कान गेला की लपवतो. मीही लपवला. नवऱ्यालाच तेवढं माहीत होतं. देवळात, लग्नात, बँकेत ते माझे कान होते.

२०२० मध्ये करोना आला आणि सगळ्यांच्या तोंडावर मास्क चढले. ज्यांना नीट ऐकू येतं त्यांना याचा अर्थ कळणार नाही. आम्ही निम्मं ऐकतो ते समोरच्याच्या ओठांवरून. ओठच झाकले गेले! शिवाय मास्क काढताना त्याच्या दोरीत मशीन अडकून खाली पडायचं, ते वेगळंच. देवळं बंद झाली, उपासना मोबाईलवर आली. पाळकसाहेबांचा चेहरा लहानसा, आवाज खरखरीत. मी समोर बसायची, पण पोचत काहीच नव्हतं.

आणि एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, ह्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. आत कुणाला सोडत नव्हते. दिवसातून एकदा फोन यायचा, आणि मला फोनवर काही कळत नाही. मुलगी परदेशात. तेव्हा धावून आल्या त्या शेजारच्या काकू. संकष्टीला उपास करणाऱ्या, आमच्या दारात नाताळला करंज्या न्यायला हक्कानं येणाऱ्या काकू. फोन त्या घ्यायच्या आणि एका शंभरपानी वहीत लिहून वही दाराच्या कडीला अडकवून जायच्या. 'ऑक्सिजन ८८. दोन घास खाल्ले.' 'ऑक्सिजन ८५. वहिनी, तुम्ही जेवा.' सहाव्या दिवशी त्या आत आल्या, मास्कसकट समोर बसल्या. वही उघडी, पेन हातात. बराच वेळ काही लिहीनात. मग मीच वही मिटली.

पुढचं सांगत नाही. त्या दिवसांत घरोघर तेच झालं.

पण त्यानंतर जे झालं त्याबद्दल आमच्यात फारसं बोललं जात नाही. माझी प्रार्थना बंद पडली. लहानपणापासून, संडे स्कूलपासून, झोपताना डोळे मिटून हात जोडायची सवय. हात जुळेचनात. मोबाईलवर रोज वचनं यायची, 'देवाची इच्छा' असं लिहून यायचं, आणि मला तो मोबाईल भिंतीवर आपटावासा वाटायचा. मी देवाला एवढंच विचारत होते, की कान नेलेस ते नेलेस, माझे दुसरे कानही कशाला नेलेस? आणि उत्तर आलं असतं तरी मला कुठं ऐकू येणार होतं!

अशातच ह्यांचं कपाट आवरताना एक जुनं इंग्रजी पुस्तक हाती लागलं. अप्पा बळवंत चौकातून आणलेलं असणार, ह्यांची ती खोडच होती. पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहाराचं ते पुस्तक, अ. भि. शहांनी संपादित केलेलं, १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळानं काढलेलं. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायला बसले. वाचायला कान लागत नाहीत, एवढाच तेव्हा विचार होता.

रमाबाई आम्हाला लहानपणापासून पाठ. भिंतीवरच्या फोटोतली पांढऱ्या लुगड्यातली, शांत, थोर बाई. इतकी थोर, की आपला तिच्याशी काही संबंधच नाही असं वाटावं. पत्रं वाचताना मात्र वेगळीच बाई भेटली.

पहिलं म्हणजे, त्यांना ऐकू कमी यायचं! हे मला कुणीच कसं सांगितलं नव्हतं? १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर होण्यासाठी. इथल्या बायकांना बाईडॉक्टर हवी, हे त्यांचं ठाम मत होतं. पण कान साथ देईनात आणि वैद्यकीचा रस्ता बंद झाला. जरा विचार करा. दुष्काळात आई, वडील, बहीण गेलेली. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि १८८२ मध्ये ते कॉलऱ्यानं गेले. कडेवर मनोरमा, जेमतेम वर्षाची. पुण्यात येऊन आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं, त्या पैशांतून परदेशाची वाट धरली. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत तिथं पोचल्यावर थोड्याच महिन्यांत दुर्दैवी रीतीनं गेल्या. आणि ज्यासाठी एवढा आटापिटा केला, ते शिक्षणच कानांमुळे हुकलं. त्यांनी काय केलं? चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवायला लागल्या आणि स्वतः गणित, इंग्रजी शिकायला बसल्या. वर्गात समोरचं किती ऐकू येत असेल त्यांना, या विचारानं माझ्या पोटात तुटलं.

२९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजला त्यांचा नि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. तिथल्याच मठाच्या सिस्टर्स पुण्यात गुरुवार पेठेत, पंचहौदला काम करत होत्या. ती ओळख इथूनच सुरू झाली होती. बाप्तिस्मा झाला म्हणजे बाई मुकाट झाली असेल, असं कुणालाही वाटेल. छे! धर्मातल्या आईसारख्या असणाऱ्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांची पत्रांतून जी जुंपते, ती वाचून मी थक्क झाले. हे मला पटत नाही, ते शास्त्रात कुठं आहे ते दाखवा, मी एकाची ताबेदारी सोडली ती दुसऱ्याची पत्करायला नाही, असा सगळा सूर. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, माझ्या लोकांना लॅटिन कळत नाही, संस्कृत घाला, यावरून वाद! मांसाहार नको म्हणजे नको. जन्मभर त्या शाकाहारीच राहिल्या.

मला बाई फार बरं वाटलं. देवाशी आणि देवाच्या माणसांशी भांडूनही माणूस श्रद्धावंत राहू शकतो, हे मला आमच्या भगिनी मंडळात कुणी सांगितलं नव्हतं. आणखी एक. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या कबूल करतात, की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढ्या विदुषीला आठेक वर्षं लागली, तर माझे सहा महिने म्हणजे काय!

शारदा सदनची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. १८८९ मध्ये मुंबईत निघालं, १८९० मध्ये पुण्यात आलं. बाया कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, तिथल्याच विद्यार्थिनी. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून गदारोळ उठला. 'केसरी'नं झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. यात कुणाचं किती बरोबर यावर माणसं आजही वाद घालतात, आणि माझ्या मते दोन्हीकडे सांगण्यासारखं आहे. मला त्यात दिसते ती एकटी पडलेली बाई. सदन मात्र तिनं बंद केलं नाही.

आणि मग १८९७ साल. मध्य प्रांतात दुष्काळ, पुण्यात प्लेग. रमाबाई दुष्काळी मुलखात जाऊन शेकडो मुली, बायका घेऊन आल्या. पण पुण्यात साथीमुळे एवढी माणसं ठेवता येईनात. तेव्हा केडगावच्या आपल्या जमिनीवर त्यांनी सगळ्यांना नेलं. तेच पुढं मुक्ती मिशन झालं. त्याच वर्षी प्लेगच्या दवाखान्यात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'ला पत्र लिहून सरकारला जाब विचारला. ते वाचताना पुस्तक खाली ठेवलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. दवाखान्याच्या बंद दाराबाहेर उभी राहिलेली मी पुण्यातली पहिली बाई नव्हते तर.

५ एप्रिल २०२२ ला रमाबाईंना जाऊन शंभर वर्षं झाली. त्या महिन्यात मी काकूंना म्हटलं, केडगावला जाऊन येऊ या. दौंडच्या गाडीत बसलो. लोणी, उरुळी, यवत, खुटबाव आणि केडगाव. काकूंना नारायण महाराजांच्या बेटावर दत्तदर्शन करायचं होतं, मला मुक्तीत जायचं होतं. दोन्ही झालं. आधी बेट, कारण काकू उपाशी होत्या.

मुक्तीतल्या त्या भल्यामोठ्या देवळात उभं राहून मला आठवत राहिली ती त्यांची शेवटची वर्षं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं दोन हजारांच्या आसपास माणसं होती. अंधांसाठी बार्तीमी सदन होतं. मनोरमाबाई अमेरिकेत ब्रेल शिकून आल्या होत्या. म्हणजे आईचे कान अधू, आणि लेकीनं डोळे गेलेल्यांना वाचायला शिकवलं. छापखान्यात मुलीच खिळे जुळवायच्या. आणि रमाबाई स्वतः काय करत होत्या? हिब्रू, ग्रीक शिकून बायबल मराठीत आणत होत्या. आधीची भाषांतरं होती, पण ती पंडिती. यांना हवं होतं खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बाईला कळेल असं. जिनं लहानपणीच संस्कृत श्लोक हजारोंनी पाठ केले, ती सोप्या शब्दांसाठी वर्षानुवर्षं झगडत होती!

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. चाळिशीतली एकुलती एक लेक, कामाची वारस. रमाबाईंची तब्येत ढासळलेली. तरी बायबलचं काम चालूच राहिलं, आणि ते हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी डोळे मिटले. छापून पूर्ण झालं ते १९२४ मध्ये.

लक्ष्मीबाई टिळकांचंही इथं आठवतं. 'स्मृतिचित्रे' तुम्ही वाचलं असेलच. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला म्हणून त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग १९०० मध्ये स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट होतं. ते या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं पुढं लिहून काढलं. ह्यांच्या कपाटात माझ्यासाठी असं अर्धवट काही नव्हतं. फक्त पुस्तकं, आणि विजेची बिलं.

पौलाच्या पत्रात एक गोष्ट आहे. त्याच्या शरीरात कसला तरी काटा होता, म्हणजे आजार किंवा व्यंग. त्यानं तीनदा देवाकडे मागणं केलं, काढ म्हणून. काटा निघाला नाही. कृपा तेवढी पुरेल असं सांगितलं गेलं, बस्स. लहानपणी या गोष्टीचा मला राग यायचा. हा काय न्याय? आता राग येत नाही असं नाही. पण त्या काट्याचं नाव पौलानं कुठंच लिहिलेलं नाही, हे आताशा लक्षात येतं. त्यामुळे तिथं ज्याला त्याला आपापला काटा ठेवता येतो. मी माझे दोन्ही कान ठेवते.

केडगावहून आल्यावर महिन्याभरानं मी देवळात गेले. मागच्या बाकावर नाही, पुढच्या. सगळ्यांना सांगून टाकलं, मला ऐकू येत नाही, माझ्याकडे तोंड करून बोला. आता भगिनी मंडळात शास्त्रवाचन माझ्याकडे असतं. ऐकायचं नाही, वाचायचं, ते जमतं. प्रार्थनाही होते. रोज होत नाही. काही दिवस नुसती बसते, काही दिवस भांडते. ह्यांच्या आठवणीनं घसा दाटला, की प्रार्थना अर्ध्यात सोडून चहा टाकते.

ती शंभरपानी वही अजून दाराच्या कडीलाच असते. सुरुवातीची सहा पानं मी उलटत नाही. पुढं काकूंचं अक्षर चालू आहे. परवाच मी हे लिहीत बसले होते, तेव्हा त्या आत आल्या, वही माझ्यापुढं धरली. लिहिलं होतं, 'वहिनी, बेल वाजवून थकले. तुमचं दूध उतू गेलंय, वास जिन्यापर्यंत येतोय.'