हरताळ, सोमल आणि कारखान्याची हवा

जुन्या काळी पोथी उतरवून घेणारा लेखक एखाद्या अक्षरावर चुकला, म्हणजे ते खोडून पान विद्रूप करण्याऐवजी त्यावर हरताळाचा पिवळा लेप फाशी आणि तो वाळला की त्याच जागी शुद्ध अक्षर लिही. ‘हरताळ फासणे’ हा आपला रोजचा वाक्प्रचार त्या दौतीशेजारच्या वाटीतून आलेला आहे. हा हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे खनिज. मनशीळ ही त्याची तांबडी बहीण, आणि वैद्य ज्याला मल्ल म्हणतात तो पांढरा सोमल हे त्याच कुळातील सर्वांत कुप्रसिद्ध अपत्य. कामगार काम बंद ठेवतात तो हरताळ मात्र वेगळा, बाजाराला टाळे लागण्यावरून आलेला. एकाच शब्दात विषही असावे आणि विषाविरुद्धची तक्रारही असावी, हा योगायोग भाषेने जुळवून आणला आहे. कायद्याला तो अद्याप नीटसा जुळविता आलेला नाही, असे माझे मत आहे.

सोमल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुधाचा पेला आणि वारसाहक्काचा तंटा उभा राहतो. कारखान्यात मात्र हे विष पोटाच्या वाटेने नव्हे, नाकाच्या वाटेने येते. आर्सेनिकयुक्त खनिज वा मिश्रधातू भट्टीत तापला, की आर्सेनिक लोखंडासारखे वितळून खाली बसण्याऐवजी धुराबरोबर वर निघते, आणि तो धूर निवताच त्याची अतिसूक्ष्म पांढरी भुकटी धुराड्याच्या भिंतींवर, तुळयांवर, कामगाराच्या भुवयांवर व सदऱ्याच्या शिवणींत बसते. तिला वास नाही, चवही जवळजवळ नाही. घाम येणाऱ्या जागी कातडी चरचरते, नाकाचा पडदा झिजत जाऊन त्याला भोक पडते, तळहातांवर कुरुपासारखे कठीण दाणे येतात. आणि फुप्फुसाचा कर्करोग कित्येक वर्षांनी, बहुधा नोकरी संपल्यावर, दार ठोठावतो. अमेरिकेत मोंटाना प्रांतातील तांब्याच्या भट्टीवरील ८,०४७ कामगारांचा मागोवा घेऊन ली आणि फ्राउमेनी यांनी १९६९ साली हे आकड्यांत मांडले, तेव्हा जे भट्टीवरच्या माणसांना आधीच ठाऊक होते ते शास्त्राच्या दप्तरी दाखल झाले.

महाराष्ट्रात तांब्याच्या तसल्या प्रचंड भट्ट्या नाहीत, म्हणून हा मामला आपला नव्हे असे समजण्याचे कारण नाही. काचेचाच धंदा घ्या. वितळलेल्या काचेतील बुडबुडे निघून ती नितळ व्हावी म्हणून मिश्रणात चिमूटभर सोमल टाकण्याची रीत या धंद्यात जगभर फार काळ चालत आली. अंताजीपंत काळे यांच्या पैसाफंडातून, लोकमान्यांच्या पाठिंब्याने, ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या देखरेखीखाली तळेगावला १९०८ मध्ये काच कारखाना उभा राहिला, आणि पुढे कऱ्हाडजवळ ओगल्यांचा. स्वदेशीच्या इतिहासात या दोन्ही नावांना मानाचे पान आहे आणि ते यथार्थच आहे. परंतु काचेच्या आपल्या गौरवलेखांत भांडवलाचा हिशोब सापडतो, कंदिलाची कीर्ती सापडते, भट्टीपुढे नळी फुंकणाऱ्याने कसली हवा आत ओढली याचा उल्लेख सहसा सापडत नाही. आज अँटिमनी, सिरियम यांची संयुगे तेच काम करतात. म्हणजे विषाला हद्दपार करणे अशक्य नव्हते, फक्त ते कोणाच्या तरी मनात यावे लागले.

मी राहतो त्या वारज्यात, महामार्गाच्या पुलाखालून सेवारस्त्याला लागले की पत्र्याच्या आडोशाचे एक बॅटरीचे दुकान आहे. जुन्या पद्धतीच्या बॅटरीतील शिशाच्या जाळीला कणखरपणा यावा म्हणून तीत अँटिमनीबरोबर अत्यल्प आर्सेनिक मिसळीत असत. प्रमाण नगण्य, पण बॅटरी फोडून शिसे पुन्हा वितळविणाऱ्या भट्टीवर शिशाबरोबर तेही हवेत जाते. दुकानातला पोऱ्या गॅसच्या ज्योतीने शिशाचे टोक जोडीत होता. तोंडाला रुमाल, तोही गाठ सैल झाल्यामुळे हनुवटीवर उतरलेला. मी म्हणालो, “रुमालाने काय होतं रे?” तो हसून म्हणाला, “काका, धूर डोळ्यात जातो म्हणून बांधतो. नाकाचं कोण बघतंय?” मग त्याने ज्योत विझविली, झाडू घेतला आणि जमिनीवरची करडी धूळ कोरडीच झाडून दाराबाहेर लोटली. अभ्यासकांनी दोन पाने खर्चून सांगितले असते ते त्याने झाडूच्या चार फटकाऱ्यांत दाखविले: बसलेले विष पुन्हा हवेत कसे उठते ते.

याहून फसवा एक वायुरूप अवतार आहे. आर्सेनिकचा अंश असलेल्या धातूवर आम्ल पडले की आर्साइन नावाचा वायू निघतो; रसायनज्ञ शेलेने तो १७७५ मध्ये शोधला आणि म्युनिकमधील रसायनज्ञ गेलेन १८१५ मध्ये तो हुंगूनच मरण पावला. जस्ताचा गाळ आम्लात टाकणारा, टाकीच्या तळाची खरवड काढणारा कामगार त्या वेळी धडधाकट असतो. कित्येक तासांनी लघवी अमसुलाच्या पाण्यासारखी तांबडी होते, तेव्हा रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून गेलेल्या असतात.

कायद्याने या विषाकडे दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. इंग्लंडात १८९५ सालीच शिसे, फॉस्फरस यांच्याबरोबर आर्सेनिकच्या विषबाधेची वर्दी देणे सक्तीचे झाले. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीतही ती आली, आणि रोग्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही कळविण्याची जबाबदारी पडली. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीने कामाच्या जागच्या हवेसाठी मर्यादा घातली ती घनमीटरला ०.२ मिलिग्रॅमची. अमेरिकेने १९७८ मध्येच ती १० मायक्रोग्रॅमवर, म्हणजे आपल्या विसाव्या हिश्शावर आणली होती. आता दुसरा आकडा पाहा: २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार शहराच्या हवेत आर्सेनिक वर्षाच्या सरासरीने ६ नॅनोग्रॅमपलीकडे जाता कामा नये. फाटकाबाहेरच्या आणि फाटकाआतल्या मर्यादांत ३३ हजार पटींहून अधिक अंतर! बाहेरचा आकडा तान्ह्या मुलाने रात्रंदिवस घेतलेल्या श्वासाचा आणि आतला धट्ट्याकट्ट्या माणसाच्या आठ तासांचा, हे मान्य. तरी हजेरी लावताच माणसाची फुप्फुसे इतकी बदलतात हे मला पटत नाही.

इंग्लंडचे पहिले वैद्यकीय कारखाना-निरीक्षक टॉमस लेग यांचे म्हणणे असे होते की मालकाने आपल्याकडचे सारे करून झाल्यावाचून कामगाराला स्वतःच्या बचावासाठी फारसे काही करता येत नाही. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. तपासनीस यायचा म्हटला की आदल्या दिवशी मुखवट्यांची खोकी उघडतात. धूर उगमापाशीच खेचून गाळणीत अडविणारा पंखा, ओलसर पोछा, कारखान्यातच न्हाणीघर, धुराच्या कपड्यांना वेगळे कपाट या गोष्टी मात्र ‘पुढच्या वर्षी’. मुखवटा हा शेवटचा उपाय आहे, आणि तोही दाढीवर नीट बसत नाही. गालाशी फट राहिली की हवा गाळणीची वाट सोडून त्या फटीतून येते.

कामगाराच्या वैद्यकीय तपासणीतही मौज आहे. आर्सेनिकचा मुक्काम लघवीत दोन-चार दिवसांचा, म्हणून आठवड्याच्या अखेरीस नमुना घेतात. पण कोकणातून आलेल्या कामगाराने आदल्या रात्री बांगडा खाल्ला असेल, तर माशातील निरुपद्रवी आर्सेनिकने आकडा फुगतो आणि भट्टीचा दोष बांगड्याच्या माथी जातो. प्रकार वेगळे काढणारी चाचणी करावी, नाहीतर काही दिवस मासे वर्ज्य करून नमुना घ्यावा. एवढी तजवीज न करता काढलेला अहवाल मालकाच्या वकिलाला फार आवडतो.

परवा संध्याकाळी पुन्हा त्या दुकानावरून गेलो. पोऱ्याने शटर ओढले, कामाचा सदरा काढून डब्याच्याच पिशवीत कोंबला आणि दुसरा घातला. मी विचारले, “धुतो कोण?” “आई,” तो म्हणाला, “घरच्या कपड्यांतच टाकते.”