नव्या संगणक-प्रणालीची रंगीत तालीम

दिवाळी सरली की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. प्रयोगाआधी रंगीत तालीम असते आणि मागे बसलेला एखादा साधा माणूसही "आवाज पोचत नाही" एवढे सांगून जातो. संगणकाच्या प्रणालीचीही अशीच तालीम होते, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते.

या तालमीला बीटा आवृत्ती म्हणतात. उबुंटू ही मुक्त प्रणाली दरवर्षी एप्रिल व ऑक्टोबरमध्ये नव्याने येते. तिची बीटा काही आठवडे आधी कुणालाही फुकट मिळते. फेडोरावाले खास 'टेस्ट डे' ठेवतात, त्यांत भाषा तपासण्याचाही दिवस असतो. विंडोजनेही २०१४ पासून अशी सोय केली आहे.

मित्रहो, घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्यासारख्याने यात काय तपासावे? 'दऱ्या' हा एक शब्द टंकून पाहावा. दऱ्या डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. हा आडवा र हिंदीला लागत नाही; परदेशातल्या कारागिराला दोन्ही सारखेच. आमच्या बाबांचा एक अर्ज 'शेतकर्यांचा' असा छापून आला होता. जन्मभर धानाच्या बांधीत राबलेला माणूस स्वतःच्याच नावापाशी अडखळला! ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली तीही २००८ साली. ल आणि श मराठी वळणाचे उमटतात की हिंदी, हेही आपणच ओळखू शकतो.

कृती सोपी आहे. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर बीटा चढवावी (त्यावरचे आधीचे सारे पुसले जाते, हे ध्यानात ठेवावे) आणि संगणक त्यावरून सुरू करावा. 'इन्स्टॉल' दाबले नाही तर मूळ प्रणालीला धक्का लागत नाही. मग वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी टंकन अशी रोजचीच कामे करून पाहावीत.

चूक आढळल्यास आधी कुणी कळविली आहे का ते पाहावे. नंतर लिहावे: मी काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले, पुन्हा तसेच होते का. सोबत पडद्याचे चित्र. हे इंग्रजीत लिहावे लागते, म्हणून मी आठवडाभर कचरत होतो. पण चार तुटक वाक्येही चालतात.

मला सापडलेली पहिली 'चूक' माझीच निघाली, हेही सांगितले पाहिजे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'ऱ्य'साठी शिफ्ट धरून जे दाबावा लागतो. मी साधा र दाबत होतो. दुसरी मात्र खरी होती. ती पाठविल्यावर उलट विचारणा आली, "आवृत्ती कोणती?" तेवढेच लिहायचे मी विसरलो होतो.