गॉझच्या घडीचे तास : शस्त्रक्रियागृहातील परिचारिका-शिक्षणाचा मागोवा

शस्त्रक्रियागृहातील परिचारिकेचे काम दोन भूमिकांत विभागलेले असते. निर्जंतुक झगा आणि हातमोजे घालून शल्यविशारदाच्या हाती अवजारे देते ती ‘स्क्रब’ परिचारिका, आणि निर्जंतुक क्षेत्राबाहेर राहून साहित्य पुरवते, नोंदी ठेवते व सर्वांच्या हालचालींवर नजर ठेवते ती ‘सर्क्युलेटिंग’ परिचारिका. या दोन्ही भूमिका नवशिक्या मुलीला कोणी आणि कशा शिकवल्या, हा प्रश्न वॉर्डातील शिक्षणाच्या प्रश्नाहून मुळातच वेगळा आहे. वॉर्डात रुग्ण बोलतो, तक्रार करतो, कण्हतो, आणि विद्यार्थिनीची चूक तिला तिथल्या तिथे कळते. शस्त्रक्रियागृहात मात्र रुग्ण बहुधा भुलीखाली असल्यामुळे शिकण्याचा तो मोठा स्रोतच बंद होतो आणि सारी भिस्त शेजारी उभ्या असलेल्या अनुभवी परिचारिकेवर येते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची परिचर्याशाळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली सुरू झाली, तेव्हा आजच्या अर्थाने शस्त्रक्रियागृहातील परिचारिका असे स्वतंत्र काम जवळजवळ नव्हतेच. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाच्या वापराविषयी लेखन प्रसिद्ध केले. ती ‘अँटिसेप्सिस’ची, म्हणजे जखमेत शिरलेले जंतू रसायनाने मारण्याची पद्धत होती, पुढील दोन-तीन दशकांत तिची जागा ‘असेप्सिस’ने, म्हणजे जखमेपर्यंत जंतू पोहोचूच न देण्याच्या पद्धतीने घेतली. या बदलानेच परिचारिकेला शस्त्रक्रियागृहात स्थान मिळवून दिले, कारण जंतू मारणे हे एका माणसाचे, एका क्षणाचे काम असू शकते, पण जंतू येऊ न देणे ही अखंड राखण असते आणि राखणीला राखणदार लागतो. रबरी हातमोज्यांचा उगमही या व्यवसायाशी जोडलेला आहे : बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील परिचारिका कॅरोलिन हॅम्पटन यांचे हात जंतुनाशक द्रावणाने सोलवटू लागले, म्हणून शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८९-९०च्या सुमारास त्यांच्यासाठी पातळ रबरी मोजे बनवून घेतले. ते रुग्णासाठी नव्हे, परिचारिकेच्या त्वचेसाठी आले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा ओझरतीच येते.

मुंबईत जमशेटजी जीजीभाई रुग्णालय १८४५ साली आणि कामा रुग्णालय १८८६ साली सुरू झाले, आणि १८९१ मध्ये प्रशिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचा उल्लेख पहिल्या भारतीय विद्यार्थिनी-परिचारिका म्हणून परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत केला जातो. दक्षिण महाराष्ट्रात मिरजेला विल्यम वानलेस यांच्या मिशन रुग्णालयाने १८९४ पासून शस्त्रक्रियेचे मोठे केंद्र उभे केले आणि परिचर्येचे शिक्षणही तेथे लवकरच सुरू झाले. या काळातील शिक्षण उमेदवारीच्या, म्हणजे काम करता करता शिकण्याच्या पद्धतीचे होते. विद्यार्थिनी ही एकाच वेळी शिकणारीही असे आणि रुग्णालयाची मनुष्यबळाची सोयही असे.

या उमेदवारीचे खरे वर्ग भरत ते शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी नव्हे, तर शेजारच्या तयारीच्या खोलीत. गॉझ तेव्हा ताग्यांनी येई. तो मापाने कापून, कडेचा एकही सुटा धागा बाहेर राहणार नाही अशा बेताने त्याच्या घड्या घालाव्या लागत, कारण सुटा धागा जखमेत राहिला तर तो शरीराला परका ठरतो. वापरलेले मोजे धुऊन, वाळवून, त्यांत हवा भरून भोके शोधली जात, फाटलेल्यांना ठिगळ लावले जाई, मग पावडर लावून जोड्या जुळवल्या जात. ही पावडरही पोटात चिकटबंध निर्माण करते हे कळायला बराच काळ जावा लागला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पावडरच्या मोज्यांवर बंदी घातली ती २०१६ मध्ये. या साऱ्या कामांचा मुकुटमणी म्हणजे ‘ड्रम’. हा बाजूला सरकत्या झडपांची भोके असलेला धातूचा गोल डबा असे. वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये ठेवताना त्याची भोके उघडायची आणि बाहेर काढताच बंद करायची. ड्रम भरताना जे सर्वांत शेवटी लागणार ते तळाशी आणि जे सर्वांत आधी लागणार ते वर, असा उलटा क्रम धरावा लागे. म्हणजे ड्रम नीट भरता येणारी मुलगी ती शस्त्रक्रिया शेवटाकडून सुरुवातीकडे मनात एकदा करून मोकळी झालेली असे. आणि हे करताना शेजारी बसलेली ज्येष्ठ सिस्टर अमुक सर्जनला कोणता धागा चालत नाही, रक्तस्राव अचानक वाढला तर हात आधी कशाकडे जायला हवा, हे सहज बोलून जाई. या बोलण्याला कोणी अभ्यासक्रम म्हणत नसे, पण अभ्यासक्रम तोच होता.

देशाच्या आरोग्यव्यवस्थेच्या पाहणीसाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात देशात प्रशिक्षित परिचारिका अवघ्या सुमारे ७,००० असल्याचे नोंदवले आणि त्यांच्या कामाच्या व राहण्याच्या परिस्थितीवर कठोर टीका केली. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे पदवी शिक्षण सुरू झाले. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली. विद्यार्थिनीला स्वस्त मजूर मानू नये, ही यामागची भूमिका निर्विवाद योग्य होती. मात्र जुन्या पद्धतीत पिळवणूक आणि शिकवण एकाच दोऱ्याने शिवलेल्या होत्या, आणि पहिली उसवताना दुसरीही उसवली जाईल याचा विचार पुढे फारसा झालेला दिसत नाही.

जुन्या शिकवणीचे गुणगान मात्र करता येणार नाही. तिचा पाया मोठ्या प्रमाणात धाक हा होता : चुकीचे अवजार पुढे केले की बोटांवर फटका आणि सर्वांदेखत पाणउतारा, हे शिक्षणाचेच अंग समजले जाई. धाकाने हात चपळ होतो, पण तोंड बंद होते, आणि शस्त्रक्रियागृहात बंद तोंड धोक्याचे असते. ‘काउंट’, म्हणजे शस्त्रक्रियेआधी आणि जखम बंद करण्यापूर्वी गॉझ, मॉप (रक्त टिपण्याच्या मोठ्या कापडी घड्या), सुया व अवजारे दोघींनी मोठ्याने मोजून जुळवणे, हा नव्या परिचारिकेचा पहिला धडा असतो; पण मोजणीत एक मॉप कमी भरला असता टाके घालण्याच्या घाईत असलेल्या वरिष्ठाला थांबवणे हा त्याच धड्याचा अवघड भाग आहे, आणि तो धाकाच्या शाळेत शिकवला जात नाही. औरंगाबाद येथील सरकारी रुग्णालयात १९६३ साली कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर एका बाळंतिणीच्या पोटात मॉप राहिला आणि तिचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल देऊन राज्य शासनाला भरपाईसाठी जबाबदार धरले. घटना आणि अंतिम निकाल यांत ३३ वर्षे गेली.

साहित्याच्या बाजूने बदल याच काळात सुरू झाला. तुर्भे येथे १९७४ मध्ये ‘आयसोमेड’ हा गॅमा किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करणारा प्रकल्प कार्यान्वित झाला, आणि पुढील दशकांत तयार, पाकीटबंद, एकदाच वापरायचे मोजे, सिरिंज व टाक्यांचे धागे सर्वत्र रुळले. मोठ्या रुग्णालयांत निर्जंतुकीकरणाचा स्वतंत्र मध्यवर्ती विभाग आला आणि ड्रम हळूहळू अडगळीत गेले. संसर्ग-नियंत्रणाच्या दृष्टीने ही निखळ प्रगती होती. परंतु घड्या घालण्याचे ते तास गेले, आणि त्यांच्याबरोबर शेजारी बसून शिकण्याची वेळही गेली. एरवीच्या कारखान्यातही यंत्र आले की उमेदवार कमी होतात. इथे उमेदवार तेवढेच राहिले, फक्त त्यांना उभे करण्याची जागा उरली नाही.

शस्त्रक्रियाही अधिक गुंतागुंतीच्या होत गेल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांच्या पथकाने १९६८ मध्ये हृदयप्रत्यारोपण केले, आणि १९९० मध्ये तेहेमतन उदवाडिया यांनी जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. दुर्बिणीने विद्यार्थिनीला एक विलक्षण लाभ करून दिला : एरवी तिला सर्जनची पाठ दिसे, आता पोटाच्या आत काय चालले आहे ते तिला पडद्यावर दिसू लागले. पण नाजूक आणि महागड्या उपकरणांना नवशिक्या हाताचा स्पर्श नको, म्हणून ती पाहणारीच राहिली.

या पोकळीचे निदान अन्यत्र झाले होते. अमेरिकेत मार्लिन क्रेमर यांनी १९७४ मध्ये ‘वास्तवाचा धक्का’ ही संकल्पना मांडली. शाळेत शिकलेले आदर्श आणि प्रत्यक्ष कामाची धावपळ यांतील अंतराने नव्या परिचारिका खचतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिक्या ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या मांडल्या आणि तज्ज्ञ परिचारिकेचे ज्ञान बरेचसे न बोललेले, हातात व नजरेत मुरलेले असते, याकडे लक्ष वेधले. ड्रम भरताना जे झिरपत होते, ते हेच. त्यातूनच ‘प्रिसेप्टर’ पद्धत रुजली, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी एका नव्या परिचारिकेला एका अनुभवी परिचारिकेच्या हाती सोपवण्याची व्यवस्था. ‘मेंटर’ हे नाते याहून दीर्घ आणि कमी औपचारिक असते. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन विद्यापीठातील संशोधकांनी तर स्क्रब परिचारिकेची परिस्थितीची जाण, संवाद आणि कामाची आखणी ही कौशल्ये निरीक्षणाने जोखण्याची पद्धतच तयार केली.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या शस्त्रक्रिया-सुरक्षा पडताळणी-सूचीची ख्याती रुग्ण वाचवण्यासाठी आहे. दिल्लीसह आठ शहरांतील अभ्यासात तिच्या वापराने मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. नवशिक्यांच्या दृष्टीने तिचे महत्त्व दुसरेच आहे. चिरा देण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, या तिच्या एका कलमाने सर्वांत कनिष्ठ मुलीलाही त्या खोलीत एकदा तरी मोठ्याने बोलायला लावले, आणि एकदा बोललेल्या माणसाला दुसऱ्यांदा बोलणे सोपे जाते. जिथे ही सूची शस्त्रक्रियेनंतर एकहाती खुणा करून भरली जाते, तिथे अर्थातच तिचा हा उपयोग उरत नाही.

महाराष्ट्रात आज वाटा आखलेल्या आहेत : भारतीय परिचर्या परिषदेचा शस्त्रक्रियागृह-परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे, आणि २०२१ च्या सुधारित पदवी अभ्यासक्रमात प्रतिकृतींवरील सरावाला स्थान मिळाले आहे. करोनाच्या २०२० मधील टाळेबंदीत विद्यार्थिनींचे शस्त्रक्रियागृहातील सत्र थांबले, तेव्हा त्या बॅचला टेबलाजवळचा अनुभव पडद्यावरून देता आला नाही, हेही उघड झाले. सरकारी रुग्णालयांत पाठ्यनिर्देशिका, म्हणजे परिचर्या महाविद्यालयातील शिक्षिका, आणि शस्त्रक्रियागृहातील परिसेविका, म्हणजे तेथील प्रमुख सिस्टर, या दोन वेगळ्या पदांवर असतात. पहिलीकडे शिकवण्याचा वेळ असतो आणि दुसरीकडे शिकवण्याजोगे ज्ञान. विद्यार्थिनीच्या नोंदवहीत तिने किती शस्त्रक्रियांत साहाय्य केले, याचे रकाने असतात आणि त्यांखाली सही लागते. सही करणाऱ्या सिस्टरच्या ड्युटीत मात्र शिकवण्याचे तास बहुतेक ठिकाणी अजूनही वेगळे धरले जात नाहीत.