उंटाच्या डोळ्याची सोनोग्राफी

खेजडी, बोर, बाभूळ ही उंटाची आवडती झाडे, आणि तिन्ही काटेरी. पापणीच्या केसांच्या लांब, दाट ओळी आणि आतून आडवी सरकणारी तिसरी पापणी वाळू चांगली अडवतात. काट्यापुढे मात्र त्यांचे फारसे चालत नाही. काटा लागून जंतुसंसर्ग झाला की कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा समोरचा पारदर्शक थर, पांढुरका होतो. मग कितीही प्रखर उजेड टाकला तरी आतले दिसत नाही. भिंग जागेवर आहे का, मागचा पडदा सुटला आहे का, हे कळल्याशिवाय डोळा वाचवायचा की काढायचा, हे ठरवणार कसे?

अशा वेळी सोनोग्राफी कामी येते. पिकलेल्या मोतीबिंदूमागचा पडदा तपासायला माणसांच्या रुग्णालयात वापरतात, तीच ही ‘बी-स्कॅन’ तपासणी. डोळ्यातला पाण्यासारखा भाग चित्रात काळा दिसतो, भिंगाच्या पुढच्या-मागच्या कडा पांढऱ्या कमानींसारख्या उमटतात, तर सुटलेला पडदा पांढऱ्या रेषेसारखा तरंगताना दिसतो. मात्र डोळा फुटल्याची शंका असेल तर त्यावर यंत्राचा दाब देणे धोक्याचे.

खरी अडचण चित्र वाचण्यात आहे. उंटाची बाहुली आडवी, लंबगोल असते आणि तिच्या कडांवर गडद रंगाच्या जाड घड्या असतात. रणरणत्या उन्हात त्या आतल्या डोळ्यावर सावली धरतात, असे मानले जाते. सोनोग्राफीत मात्र त्या गाठींसारख्या दिसतात. फक्त माणसाचे डोळे पाहिलेल्या डॉक्टरला तिथे ट्यूमरची शंका आली तर नवल नाही. गायीवरून अंदाज बांधावा, तर तिच्या डोळ्यात मागे असलेला, रात्री चकाकणारा थर उंटाला नसतो. म्हणून उंटाच्या निरोगी डोळ्याची मापे स्वतंत्रपणेच घ्यावी लागतात, तीही वयानुसार.

इजिप्तमध्ये असे काम झाले आहे, पण ते शरीरातून काढलेल्या डोळ्यांवर. मृत्यूनंतर डोळ्यातला दाब उतरतो, त्यामुळे ती मापे जिवंत जनावराला जशीच्या तशी लावता येत नाहीत. खोबणीच्या हाडासाठी सीटी स्कॅन आणि मऊ भागांसाठी एमआरआय सरस. पण त्यासाठी एवढ्या मोठ्या जनावराला भूल द्यायची, तर पोटातले अन्न उलटून श्वासनलिकेत जाण्याची भीती. सोनोग्राफी मात्र गुंगीचे इंजेक्शन आणि भुलीचे थेंब देऊन बसल्या उंटावर, गोठ्यातही होऊ शकते.

भारतात 2019 च्या पशुगणनेत जेमतेम अडीच लाख उंट उरले होते. 2012 पेक्षा 37 टक्के कमी. गाडा ओढणारा उंट आंधळा झाला, तर पशुपालकाची रोजची कमाईच थांबते. जखम एकाच डोळ्याला असेल तर एक सोपी सवय उपयोगी पडते: आधी त्याच उंटाच्या चांगल्या डोळ्याची सोनोग्राफी करायची, मग दुखऱ्या डोळ्याची.