'वृक्ष' की 'गौण वनोपज'?

शब्दाची व्याख्या हा केवळ कोशकाराचा विषय नव्हे. तिच्यावर कित्येकदा मजुराची भाकरीही अवलंबून असते. वनस्पतिशास्त्र बांबूस तृणकुलातील मानते. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाने मात्र त्याचा समावेश 'वृक्ष' या संज्ञेत केला. परिणामी बांबू वनखात्याच्या स्वाधीन राहिला व तो तोडणारा केवळ रोजंदार उरला. पुढे 2006 च्या वनहक्क अधिनियमाने त्याची गणना 'गौण वनोपजा'त करून त्यावरील स्वामित्व वननिवासींस दिले. अशा रीतीने एकाच वस्तूच्या दोन व्याख्या एकाच वेळी अमलात होत्या. म्हणूनच गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळूनही, बांबूच्या वाहतूक-परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडण्यास 27 एप्रिल 2011 हा दिवस उजाडावा लागला. तेव्हापासून तोडीचा व विक्रीचा हिशेब तोडणाऱ्यांच्याच सभेपुढे येऊ लागला. 2017 मध्ये 'वृक्षा'च्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला. तथापि वनातील बांबू वनोपज म्हणून जुन्या अधिनियमाच्या कक्षेतच राहिला. तात्पर्य, शासकीय संज्ञेचा अर्थ पाहताना ती हिशेब मागण्याचा अधिकार कोणास देते, हेही पाहिले पाहिजे.