घर वाढवताना (लेखांक ६) : आधी पाणी तपासा, मग नळ निवडा

मागच्या आठवड्यात आपण काळ्या मातीतल्या पायाबद्दल बोललो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून जुन्या घराला नवी खोली जोडताना दोन्ही बांधकामांमध्ये सांधा मोकळा ठेवायचा, हे पाहिलं. आता भिंती उभ्या आहेत, स्लॅब पडला आहे आणि घरातली मंडळी शोरूमच्या चकरा मारू लागली आहेत. गवंडी रोज विचारतो, "टाइल आली का?" प्लंबर सांगतो, "भाऊ, डायव्हर्टर आजच आणून द्या, उद्या भिंत फोडतो." या घाईत जे ठरतं त्याच्याबरोबर पुढची वीस वर्षं राहायचं असतं.

शोरूममधला नळ चकचकीत दिसतो, कारण त्यातून पाणी कधी गेलेलंच नसतं. तिथली फरशी गार लागते, कारण वर एसी चालू असतो. जळगाव-धुळ्यात घराच्या फिटिंगची परीक्षा दोनच गोष्टी घेतात : बोअरचं पाणी आणि मे महिन्याचं ऊन. निवडीची सुरुवात त्यांच्यापासून करावी, रंग आणि डिझाइन नंतर बघावं, असं माझं ठाम मत आहे.

जळगाव शहराला वाघूर धरणाचं पाणी मिळतं. धुळ्याला तापी योजना आणि नकाणे तलावाचा आधार आहे. पण दोन्हीकडे नळाला पाणी रोज येत नाही. त्यामुळे घरोघरी हौद आहे, गच्चीवर टाकी आहे आणि बहुतेक कॉलन्यांमध्ये बोअर आहे. नळाचं पाणी लांबलं की बोअर चालू करायचं आणि दोन्ही पाणी एकाच टाकीत सोडायचं, ही आपली रीत. घरातल्या फिटिंगची निम्मी दुर्दशा तिथूनच सुरू होते.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) जडपणाची योग्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. पाणी जितकं जड, तितका पांढरा थर लवकर चढतो. आधी नळाच्या तोंडाची जाळी तुंबते, मग शॉवरची भोकं बुजतात आणि धारा वाकड्या उडू लागतात. पुढे नळाच्या आतल्या सिरॅमिक चकतीवर क्षार बसून दांडा घट्ट होतो. सगळ्यात जास्त मार गिझरला बसतो, कारण पाणी तापलं की क्षार झपाट्याने बाहेर पडून कॉइलवर साचतात. थर जाड झाला की वीज जास्त लागते आणि पाणी उशिरा तापतं.

म्हणून नळाची किंमत विचारण्याआधी पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे पाणी तपासण्याची सोय असते, खासगी प्रयोगशाळाही आहेत. अहवालात 'एकूण जडपणा' हा आकडा बघा. फिल्टर विकणारे हातातल्या टीडीएस मीटरवर जो आकडा दाखवतात तो सगळ्या विरघळलेल्या पदार्थांचा मिळून असतो. जडपणा त्यावरून कळत नाही.

पाणी जड निघालं तर सगळ्यात चांगला उपाय शोरूममध्ये मिळत नाही, तो पाइपात आहे. गच्चीवर दोन टाक्या ठेवा आणि दोन वेगळ्या लाइन काढा. महापालिकेचं पाणी स्वयंपाकघर, अंघोळ आणि गिझरला; बोअरचं पाणी फ्लश, अंगण, झाडं आणि धुण्याला. जुन्या घरात हे करायचं म्हणजे सगळ्या भिंती फोडाव्या लागतात. पण वाढीव बांधकाम चालू असताना भिंती उघड्याच असतात, त्यामुळे थोड्या जास्तीच्या पाइपात आणि मजुरीत काम होतं. ज्या जळगावात बांभोरीला आणि गाडेगावला देशभर जाणारे पाइप तयार होतात, तिथे पाइपाचे दोनशे रुपये वाचवायला जाऊन पाच हजारांचा नळ दर दोन वर्षांनी बदलणारी घरं बघितली की वाईट वाटतं.

आता नळ. अंगण आणि फ्लशच्या लाइनला, जिथे बोअरचं पाणी आहे, तिथे चांगल्या प्रतीचे प्लास्टिकचे नळ खुशाल लावा. त्यांना गंज धरत नाही आणि खराब झाले तरी बदलायला जड जात नाही. अंघोळीच्या आणि स्वयंपाकाच्या जागी मात्र पितळी नळच घ्यावा. हातात घेऊन वजन बघा. जस्ताच्या मिश्रधातूचा नळ वरून तसाच चमकतो, पण हलका लागतो आणि आतून लवकर खातो. स्टीलच्या जाळ्या, कोपरे, टॉवेल रॉड घेताना दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो आणि चिकटलं नाही म्हणजे ३०४ असं म्हणतो. ही परीक्षा अपुरी आहे, कारण २०२ प्रतीच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. बिलावर प्रत लिहून घ्या.

शॉवरचा मोठा प्रश्न दाबाचा असतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब मिळतो. आपल्याकडे टाकी गच्चीवर चार फुटांच्या ओट्यावर असते आणि शॉवर त्याच गच्चीखालच्या मजल्यावर, जमिनीपासून सात फुटांवर. मधली उंची सात-आठ फुटांची, म्हणजे दाब पाव बारच्या आसपास. मोठ्या थाळीसारख्या शॉवरला आणि बऱ्याच एका दांड्याच्या मिक्सरला याच्या दुप्पट-चौपट दाब लागतो. तो बॉक्सवर किंवा माहितीपत्रकात लिहिलेला असतो, नक्की वाचा. वर नवा मजला चढवत असाल तर त्या मजल्यावरची न्हाणी टाकीच्या सगळ्यात जवळ येते, म्हणून तिथेच धार सगळ्यात बारीक पडते. टाकीचा ओटा उंच करा, नाहीतर साधा जुन्या पद्धतीचा शॉवर घ्या. प्रेशर पंप हा तिसरा मार्ग आहे, पण वीज गेली की तोही थांबतो.

भिंतीत दडवायचे डायव्हर्टर आणि मिक्सर प्लास्टरच्या आधी घरात आलेच पाहिजेत. त्यांच्या आवरणावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात आणि टाइल लागल्यावरचा भिंतीचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्ये यावा लागतो. त्यासाठी टाइलची जाडी आधी माहीत हवी, म्हणजे टाइलही आधी ठरायला हवी. कमोडचंही तसंच. जुनी न्हाणी नवी करताना खालचा सांडपाण्याचा पाइप भिंतीपासून किती इंचांवर आहे हे मोजूनच दुकानात जा. चार, नऊ, बारा इंच अशी वेगवेगळी मापं असतात. आवडलेला कमोड त्या मापात मिळत नसेल तर कमोड बदला, पाइप हलवायला स्लॅब फोडू नका. भिंती बुजवण्याआधी पाइपांना दाब देऊन चाचणी घ्या आणि प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवा. उद्या खिळा ठोकताना तो कामी येईल.

कार्ट्रिज, वॉशर, फ्लशचा व्हॉल्व्ह हे सुटे भाग जळगावच्या किंवा धुळ्याच्या बाजारात मिळतात का, हेही विचारा. त्यासाठी पुण्या-मुंबईला माणूस धाडावा लागत असेल तर ते फिटिंग आपल्या घरासाठी नाही. 1936 च्या डिसेंबरात यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात झालेलं पहिलं अधिवेशन. गांधीजींचा आग्रह होता की उभारणी गावच्या साहित्यातून आणि गावच्या हातांनी व्हावी. शांतिनिकेतनहून आलेल्या नंदलाल बोस यांनी बांबू आणि गवतासारख्या साध्या वस्तूंतून ती नगरी सजवली. नव्वद वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात सिद्ध झालेली ही गोष्ट आहे : जवळचा कारागीर जे बांधू आणि दुरुस्त करू शकतो, त्यात देखणेपणा कमी पडत नाही.

फरशीकडे वळू. देशातल्या बहुतेक टाइल्स गुजरातच्या मोरबीतून येतात आणि सुरतमार्गे आपल्याकडे यायला ट्रकला फार वेळ लागत नाही, त्यामुळे इथे निवड भरपूर आहे. ती करताना पाणी पिण्याचं प्रमाण विचारा. विट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही, भिंतीची साधी सिरॅमिक टाइल दहा टक्क्यांहून जास्त पिते. म्हणून भिंतीची टाइल जमिनीला लावू नये. उलट, विट्रिफाइड टाइल पाणी पीत नसल्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळावर ती नीट पकड घेत नाही, काही दिवसांनी ठोकली की पोकळ वाजते. तिच्यासाठी टाइलचं चिकटद्रव्य वापरा. जुन्या फरशीवरच नवी बसवायची असेल तर हे अधिकच खरं. तेव्हा जमीन अर्धा इंच किंवा थोडी जास्त वर येते. दारं खालून कापावी लागतील आणि उंबरठ्याची उंची बदलेल, हे आधीच धरून चाला.

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे टाइलला टाइल चिकटवून बसवणं. मधली रेघ दिसू नये म्हणून घरमालकच तसं सांगतात. जळगावात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि धुळ्याच्या हिवाळ्यात पहाटे तो एक आकडी होतो. एवढ्या फरकात टाइल प्रसरण आणि आकुंचन पावणारच. जागा मिळाली नाही की भर उन्हाळ्यात दुपारी आवाज होऊन हॉलच्या मधोमध दोन टाइल्स तंबूसारख्या उचलल्या जातात. दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवा, भिंतीच्या कडेला थोडी जास्त. जुन्या आणि नव्या बांधकामाच्या सांध्यावरून टाइल सलग नेऊ नका. तिथे पट्टी टाका, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यानंतर त्या रेषेवर फरशी तडकेल. सगळे बॉक्स एकाच बॅचचे घ्या आणि दहा टक्के जास्तीची टाइल घरात ठेवा, कारण तोच रंग पुढच्या वर्षी मिळत नाही.

अंगण, पुढचा ओटा आणि जिन्याला चकचकीत टाइल नको. ओली झाली की पाय घसरतो आणि उन्हात तापली की पाय भाजतो. तिथे कोटा किंवा शहाबादी फरशी आजही उत्तम आहे.

स्वयंपाकघराचा ओटा ठरवताना आपण काय शिजवतो ते आठवा. काळ्या मसाल्याची शेवभाजी, हळद, तेलाची तर्री. पांढऱ्या संगमरवरावर हे डाग बसतात आणि लिंबू-चिंचेची आंबट ओल त्याची झिलई खाते. काळा किंवा गडद ग्रॅनाइट हे सगळं सहन करतो. आणि ज्या घरात भरिताची वांगी विस्तवावर भाजली जातात, सणाला खापरावर मांडे होतात, त्या घराने वाढीव बांधकामात मागच्या बाजूला छोटी उघडी पडवी आणि चुलीचा ओटा जरूर काढावा. नवं किचन ट्रॉल्यांनी सजवायचं आणि मांड्यांसाठी शेजारणीच्या अंगणात जायचं, असं होऊ नये. या ओट्यावर अर्धा चौरस मीटर जागा जास्त द्या, घरातल्या बाया दुवा देतील.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. प्लास्टर पूर्ण वाळू द्या, बाहेरून फिका रंग द्या, पश्चिमेच्या भिंतीवर गडद रंग देऊ नका. गच्चीवर पुढच्या आठवड्यात स्वतंत्र लेख आहे. जुन्या धाब्याच्या घरांत डोक्यावर मातीचा जाड थर असायचा, तो दुपारचं ऊन खोलीत उतरू देत नसे. पाच इंचांच्या स्लॅबला ते जमत नाही, त्याचं काय करायचं ते तिथे पाहू.

खिडकीबद्दल एक गोष्ट मात्र आत्ताच सांगायला हवी. सरकत्या दोन काचांची खिडकी कितीही मोठी असली तरी एका वेळी निम्मीच उघडते. आपल्याकडे उन्हाळ्यात घर चालतं ते कूलरवर, आणि कूलर ओली हवा आत ढकलतो तेव्हा तितकीच हवा बाहेर जायला समोर वाट लागते. ती नसेल तर खोली गार होण्याऐवजी दमट होते. म्हणून कूलरची खिडकी सावलीच्या बाजूला ठेवा आणि तिच्या समोरची खिडकी पूर्ण उघडणाऱ्या पल्ल्यांची घ्या.

कूलरचा पॉइंट काढताना विजेच्या फिटिंगचा विचार नीट करा. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, साध्या प्लगला अडीचची, एसी आणि गिझरला चारची, हे बहुतेक वायरमनना माहीत असतं. राहून जातं ते आरसीसीबी. एमसीबी जास्त भार आला की तारेला वाचवतो, माणसाला नाही. आरसीसीबी गळणारा प्रवाह 30 मिलिअँपिअरला पोचला की क्षणात पुरवठा तोडतो. कूलरचा लोखंडी पत्रा, आत पाणी आणि पंप, खाली ओली जमीन, अनवाणी पाय : खान्देशात दर उन्हाळ्यात अशी माणसं आणि लेकरं दगावतात.

घर वाढवताना नव्या खोलीत अर्थिंगची तिसरी तार येते, पण जुन्या खोल्यांत दोनच तारा तशाच राहतात आणि कूलर बहुधा जुन्या खोलीच्याच खिडकीत असतो. काम चालू आहे तोवर जुन्या खोल्यांची वायरिंगही बदलून घ्या, अर्थिंगचा खड्डा तपासून घ्या आणि मुख्य बोर्डात आरसीसीबी बसवा. बजेट कमी पडलं तर टाइल स्वस्तातली घ्या, शॉवर पुढच्या वर्षी आणा, फॉल्स सीलिंग सोडून द्या. आरसीसीबी मात्र या उन्हाळ्याआधी बसलाच पाहिजे.