जुन्या फोटोतल्या गाड्या आणि आपली माणसं

गेल्या महिन्यात आमच्या चाळीत वरच्या मजल्यावरचा एक कॉलेजचा मुलगा जुन्या मुंबईच्या रस्त्यांचे फोटो मोबाईलवर जमवून घेऊन आला. संध्याकाळची वेळ होती. गॅलरीत बसलेली म्हातारी माणसं चष्मे पुसून त्याच्याभोवती गोळा झाली. रुंद, मोकळे रस्ते, मधोमध ट्रामचे रूळ, कडेला घोड्याची व्हिक्टोरिया, आणि त्या फुगीर नाकाच्या मोटारी, ऑस्टिन, मॉरिस, शेव्हरोलेट. जो तो म्हणू लागला, काय ती मुंबई होती! रस्ते कसे आरशासारखे लख्ख!

एवढ्यात आमच्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "हो, लख्ख होते. आमचे मामंजी पहाटे चारला उठून झाडत होते म्हणून लख्ख होते. ते कुठं आहेत यात?"

मुलगा गप्प झाला. आम्हीही गप्प झालो. मग आम्ही सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून पाहिले. मोटारी होत्या, पारशी टोपीवाले शेठ होते, इमारती होत्या. झाडूवाला एकाच फोटोत दिसला, तोही कडेला, अर्धा कापलेला. फोटो काढणाऱ्याला मोटार हवी होती, हा मध्ये आला होता. मुंबईच्या या सफाई कामगारांसाठी बाबासाहेबांनी 1935 साली म्युनिसिपल कामगार संघ उभा केला, तो याच लख्ख रस्त्यांवर राबणाऱ्या माणसांचा.

जुन्या गाड्यांची आठवण आम्हांला येत नाही असं कुणी समजू नये. ट्रामची तर फार येते. मुंबईत विजेची ट्राम 1907 साली सुरू झाली आणि 31 मार्च 1964 च्या रात्री शेवटची धावली. दादरच्या टी.टी.ला आजही लोक टी.टी. म्हणतात, पण टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस हे आपल्या मुलांपैकी कितीजणांना माहीत आहे, विचारून पाहा! वर्षानुवर्षे एका आण्यात माणूस शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जात असे. आणा टाकला की बाकावर बसायचं. शेजारी कोण बसलाय, त्याचं आडनाव काय, हे कंडक्टर विचारत नव्हता. गावाहून नवीन आलेल्या आपल्या माणसाला या गोष्टीचं केवढं अप्रूप वाटलं असेल!

कारण गावाकडच्या गाडीची गोष्ट वेगळी होती. हल्ली बैलगाडी आणि टांग्याचे फोटो चौकटीत घालून हॉटेलच्या भिंतीवर लावतात. छान दिसतात. पण बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवलेल्या दोन गाड्या आपण विसरू नयेत. पहिली 1901 सालची. लहानगा भीम भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला सातारा जिल्ह्यात निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर मुलं महारांची आहेत हे कळलं आणि एकही गाडीवान त्यांना बसवून घेईना. शेवटी एकजण तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी मुलांनीच हाकायची या बोलीवर. रात्र वाटेतच गेली आणि प्यायला पाण्याचा थेंब नाही.

दुसरी गाडी चाळीसगावची, 1929 सालची. बाबासाहेब तोवर बॅरिस्टर झालेले, सरकारी समितीचे सभासद म्हणून दौऱ्यावर आलेले. महारवाड्यातल्या लोकांनी त्यांना मुक्कामाला ठेवून घेतलं. अंतर चालत जाण्यासारखं होतं, पण एवढ्या मोठ्या पाहुण्याला पायी न्यायचं कसं, म्हणून टांग्याची खटपट. टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला राजी नव्हता. टांगा मात्र भाड्यानं दिला. मग आपल्यातल्याच एकाने लगाम धरला. बिचाऱ्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. त्या माणसाच्या हातून चूक झाली खरी, पण त्याने लगाम धरला तो मानासाठी. टांग्याचा फोटो पाहिला की आम्हांला आधी तो माणूस आठवतो.

टॅक्सीचीही आठवण सांगायला हवी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट, पुढे 1974 पासून प्रीमियर पद्मिनी म्हटली जाऊ लागली, ती काळी-पिवळी. ऑक्टोबर 2023 अखेर ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली, तेव्हा वर्तमानपत्रांतून लोकांनी फार हळहळ व्यक्त केली. आमच्या घरात टॅक्सी म्हणजे तीनच प्रसंग. बाळंतीण घरी आणायची, रात्री कुणाला केईएमला न्यायचं, नाहीतर नवरी निघायची. बाहेरच्या मीटरचा आकडा टकटक करत पुढे सरकायचा आणि वडिलांची नजर खिडकीतून त्याच्यावर. खिडकीबाहेरची मुंबई त्यांनी टॅक्सीतून कधी पाहिलीच नसेल!

आणि मोटारीतला फोटो? तो बहुतेक घरांत एक तरी असतो. जत्रेतल्या फोटोवाल्याची पुठ्ठ्याची मोटार, तिच्या मागे उभे राहिलेले आईवडील, वडिलांचा हात खोट्या स्टिअरिंगवर. लोक अशा फोटोला हसतात. आम्हांला तो फार मोलाचा वाटतो. शहरातल्या मोठ्या छायाचित्रकारांनी आपल्याला कडेला ठेवलं, तिथं आपल्या माणसांनी पदरचे पैसे मोजून स्वतःला मधोमध उभं केलं. घरी असा फोटो असेल तर आजच तो पेटीतून काढा, पाठीमागे पेन्सिलीने नावं आणि साल लिहून ठेवा. नावं सांगणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत.

त्या संध्याकाळी मुलाने शेवटचा फोटो दाखवला. 7 डिसेंबर 1956, बाबासाहेबांची अंत्ययात्रा. फुलांनी झाकलेला ट्रक आणि भोवती नजर पोचेल तिथवर माणसंच माणसं. या यात्रेचं चित्रीकरण नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून केलं, म्हणून ती हलती चित्रंही आपल्याकडे राहिली. रस्त्यावर मोटारी असतील-नसतील, त्या दिवशी कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. मुंबईच्या रस्त्याचा हा एकच जुना फोटो असा, की ज्यात आपली माणसं कडेला नाहीत.

आजी तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. परळला आईचा हात धरून उभ्या होत्या म्हणाल्या. त्यांनी गर्दीच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथं असणार आम्ही."

मुलाने तेवढा भाग मोठा केला. आणखी मोठा केला. चेहरे विरून नुसते ठिपके झाले. मग त्याने मोबाईल बाजूला ठेवला, घरातून वही आणली आणि विचारलं, "आजी, नक्की कुठल्या बाजूला उभ्या होता? बरोबर कोण कोण होतं?"

आजी सांगत होत्या आणि तो लिहीत होता. दिवे लागले तरी चाललं होतं.